झडपेचं ऑपरेशन ठरलं? मग ठोक्याचंही विचारून घ्या

झडपेच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात एकामागून एक प्रश्न निघतात. पैसे किती लागतील, रक्त कोण देईल, नागपूरला सोबत कोण राहील, तोवर कापूस वेचणीला आला तर शेताकडे कोण पाहील. आर्णी असो की घाटंजी, झरी असो की पुसद, हे प्रश्न सारखेच. एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. पेशंटचा ठोका कित्येक महिन्यांपासून, कधी कधी वर्षांपासून अनियमित पडतोय. छाती उघडणारच आहे, तर त्याच वेळी या ठोक्याचं काही करता येईल का?

करता येतं. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. या उपचाराला सर्जिकल अब्लेशन म्हणतात. पेशंट ऑपरेशन टेबलवर गेल्यावर हे विचारता येत नाही, आणि नंतर केवळ एवढ्याच कामासाठी पुन्हा छाती उघडायला सहसा कुणी सर्जन तयार होत नाही. म्हणून हा प्रश्न ओपीडीतच विचारायचा. तो कसा विचारायचा, मिळालेल्या उत्तराचा अर्थ काय आणि गावी परतल्यावर काय सांभाळायचं, त्याबद्दल हा लेख आहे.

ठोका बिघडतो तेव्हा

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात ठोक्याची वीज तयार होते, ठरलेल्या वाटेने खाली उतरते आणि मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके पडतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला नुसतं ‘एएफ’ म्हणतात त्यात, वरच्या दोन्ही कप्प्यांत ही वीज सैरावैरा फिरते. कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले काही इशारे पोचतात, तेही कसेही. म्हणून नाडी कधी भरभर लागते, कधी अडखळते. सात दिवसांच्या आत थांबणारा एएफ वेगळा. सात दिवसांहून जास्त टिकला तर तो चिवट समजतात, आणि सलग वर्षभर राहिला तर दीर्घकाळचा. सर्जिकल अब्लेशनचा विचार मुख्यतः या शेवटच्या दोन प्रकारांत होतो.

आपल्याकडे या दुखण्याचं मूळ बरेचदा लहानपणच्या घसादुखीत असतं. स्ट्रेप्टोकोकस जंतूंमुळे घसा दुखतो, त्याकडे दुर्लक्ष होतं, पुढे ताप येतो, सांधे सुजतात आणि त्याच वेळी आत हृदयाच्या झडपांना इजा होते. हा रुमॅटिक ताप. काही वर्षांनी मायट्रल झडप अरुंद होते, तिच्या मागचा डावा वरचा कप्पा फुगत जातो आणि त्या ताणलेल्या भिंतीत वीज भरकटते. श्रीमंत देशांत एएफ हा प्रामुख्याने म्हातारपणाचा आजार आहे. भारतात २०११-१२ मध्ये इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने देशभरातल्या एएफच्या रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा त्यांचं सरासरी वय ५५ च्या आसपास निघालं आणि जवळपास निम्म्यांच्या मुळाशी रुमॅटिक हृदयरोग होता. त्यामुळे तिशी-चाळिशीतली, शेतात राबणारी बाई ही या लेखाची पहिली वाचक आहे, असं मी धरून चाललो आहे.

धडधड, थोडं चाललं की दम, रात्री सपाट झोपता न येणं, पायांवर सूज, ही लक्षणं माणूस सहन करत राहतो. खरी भीती रक्ताच्या गुठळीची असते. थरथरत्या कप्प्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी बनते आणि ती मेंदूकडे गेली की लकवा होतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासातून १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे आजही शिकवले जातात. झडप ठीक असताना एएफ असेल तर लकव्याचा धोका सुमारे पाचपट, आणि रुमॅटिक झडपेसोबत एएफ असेल तर सुमारे सतरापट.

नाडी घरी पाहता येते. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण अनियमितपणा त्यातच निसटतो. दोन ठोक्यांमधलं अंतर सतत बदलत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढायला सांगा. एएफचं निदान ईसीजीवरच होतं. बोटाला लावायच्या यंत्रावर किंवा बीपीच्या मशीनवर भरवसा ठेवू नका.

सर्जन नेमकं काय करतात

सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात डॉ. जेम्स कॉक्स यांनी एएफवरचं हे ऑपरेशन पहिल्यांदा केलं. त्यांची कल्पना अशी होती: वरच्या कप्प्यांच्या भिंतीवर ठरावीक जागी छेद द्यायचे आणि ते पुन्हा शिवायचे. शिवलेल्या जागी व्रण तयार होतो आणि व्रणातून वीज जात नाही. पाटाचं पाणी शेतभर पसरू लागलं की आपण बांध घालून त्याला एकाच दांडातून वाहायला लावतो, तसंच हे. विजेला सैरावैरा फिरायला जागा उरत नाही, ती एकाच वाटेने खाली उतरते. या पद्धतीला कॉक्स-मेझ नाव पडलं. परिणाम चांगला होता, पण इतके छेद आणि इतके टाके म्हणजे वेळखाऊ आणि रक्तस्रावाचं काम. त्यामुळे फार थोडे सर्जन त्यात पडत.

छेदांऐवजी ऊर्जेने व्रण उमटवता आले तर? या प्रश्नावर जगात काम सुरू झालं तेव्हा मुंबई मागे नव्हती, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. परळच्या केईएम रुग्णालयातले डॉ. ए. एम. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुमॅटिक झडपेच्या रुग्णांमध्ये मेझच्या छेदांच्या जागी रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जेचा वापर केला आणि १९९७ मध्ये युरोपातल्या हृदय शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात त्यावर निबंध प्रसिद्ध केला. महापालिकेच्या रुग्णालयात, आपल्याच रोगाच्या, आपल्यासारख्याच रुग्णांवर झालेलं हे काम आहे. म्हणूनच ‘हे सगळं परदेशातलं, आपल्यासाठी नाही’ असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. २००२ पासून कॉक्स यांच्या मूळ पद्धतीतही बहुतेक छेदांची जागा रेडिओफ्रिक्वेन्सीचा चिमटा आणि गोठवणारी सळई यांनी घेतली.

आज साधारण असं होतं. छातीचं मधलं हाड उघडतात, पेशंटला हार्ट-लंग मशीनवर घेतात. फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या चार शिरा डाव्या वरच्या कप्प्याला जिथे मिळतात, तिथून भरकटलेली वीज बरेचदा उगम पावते. हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं होतं. म्हणून आधी त्या शिरांभोवती चिमट्याने व्रणाची रेघ काढतात. मग कप्प्याच्या मागच्या भिंतीवर, मायट्रल झडपेच्या कडेपर्यंत आणि गरज असेल तर उजव्या कप्प्यातही रेघा काढतात. डाव्या वरच्या कप्प्याला चिकटून एक लहान पिशवी असते, तिला अपेंडेज म्हणतात. गुठळ्या बहुतांशी तिथेच बनतात. ती कापतात किंवा आतून शिवून बंद करतात. त्यानंतर झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. ठोक्याच्या कामाला ऑपरेशनमध्ये थोडाच जास्तीचा वेळ लागतो.

कुणी मागावं, कुणी मागू नये

मायट्रल झडपेचं ओपन हार्ट ऑपरेशन ठरलेलं आहे आणि एएफ आहे, अशा प्रत्येकाने सर्जनला हा प्रश्न विचारावा. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा योग्य रुग्णांसाठी अब्लेशनची ठाम शिफारस केली आहे. बायपास किंवा महाधमनीच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेल्या एएफच्या रुग्णानेही विचारायला हरकत नाही.

पण इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. अरुंद मायट्रल झडप पुष्कळदा छाती न उघडता, मांडीतून फुगा नेऊन रुंद करता येते. डॉक्टर फुग्याने काम होईल म्हणत असतील तर केवळ ठोक्यासाठी ओपन हार्टचा हट्ट धरू नका. फुग्याचा मार्ग हलका आहे, आणि पुढे कधी झडप बदलायची वेळ आलीच तर ठोक्याचा प्रश्न तेव्हा विचारता येतो. दुसरी गोष्ट धातूच्या झडपेची. ती बसवली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावीच लागते, ठोका सुधारला तरी. अशा रुग्णाला अब्लेशनचा फायदा दम कमी होण्यात, हृदयाची ताकद टिकण्यात दिसेल, गोळी सुटण्यात दिसणार नाही. झडप दुरुस्त होणार असेल किंवा प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली बसणार असेल तर हिशोब बदलतो.

सर्जन ‘नाही’ म्हणाले तर त्याचं कारण विचारा. डावा वरचा कप्पा सहा सेंटिमीटरच्या पुढे फुगलेला असेल, एएफ दहा-पंधरा वर्षांचा असेल, भिंत पातळ झाली असेल, पेशंट फार अशक्त असेल, तर यश मिळण्याची शक्यता कमी आणि जोखीम जास्त होते. अशा वेळचा नकार प्रामाणिक असतो. ‘आमच्याकडे ते उपकरण नाही’ हे मात्र वेगळं उत्तर आहे. तब्येत थांबू देत असेल तर अशा वेळी दुसऱ्या केंद्रात एकदा दाखवून यावं, असं माझं मत आहे. कारण छाती एकदाच उघडायची असते. आणि अब्लेशन जमणार नसेल तरी दुसरा प्रश्न उरतोच: ‘अपेंडेज तरी बंद कराल का?’

या दुसऱ्या प्रश्नाला भक्कम पुरावा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २७ देशांतले ४,८०० हून अधिक एएफचे रुग्ण होते. सगळ्यांचं काही ना काही कारणाने हृदयाचं ऑपरेशन होणारच होतं. ज्यांची अपेंडेज त्याच वेळी बंद केली त्यांच्यात पुढच्या सुमारे पावणेचार वर्षांत लकवा किंवा गुठळीचा आघात ४.८ टक्के जणांना झाला. न केलेल्यांत ७ टक्के जणांना. यातल्या बहुतेकांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालूच ठेवल्या होत्या, हेही लक्षात ठेवा. अपेंडेज बंद झाली म्हणून गोळी सोडायची, असा अर्थ त्यातून निघत नाही.

ठोक्याबद्दलचा पुरावाही पाहू. २०१५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीत मायट्रल झडपेचं ऑपरेशन होणारे, चिवट किंवा दीर्घकाळचा एएफ असलेले २६० रुग्ण घेतले होते. अब्लेशन केलेल्यांपैकी ६३ टक्के जण सहा महिन्यांनी आणि वर्षानेही एएफमुक्त होते. न केलेल्यांपैकी २९ टक्के. म्हणजे फायदा ठसठशीत आहे, पण शंभर टक्के नाही. आणि त्याची किंमतही आहे: अब्लेशन झालेल्यांत कायमचा पेसमेकर बसवावा लागण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. ते रुग्ण बहुतांशी रुमॅटिक नव्हते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आपल्या पेशंटला लावू नयेत. सर्जनला थेट विचारा: ‘तुमच्याकडे माझ्यासारख्या किती जणांचं केलं? वर्षाने किती जणांचा ठोका नीट राहिला? किती जणांना पेसमेकर लागला?’ चांगला सर्जन या प्रश्नांनी नाराज होत नाही.

ज्यांच्या झडपा ठीक आहेत आणि नुसता एएफ आहे, त्यांनी सुरुवात ऑपरेशनपासून करायची नसते. त्यांच्यासाठी आधी औषधं, मग मांडीतून तार घालून केलेलं कॅथेटर अब्लेशन. ते करूनही एएफ परतला किंवा तो फार जुना असेल तरच छातीला लहान छिद्रं पाडून, दुर्बिणीने केलेल्या अब्लेशनचा विचार होतो. काही ठिकाणी तार आणि दुर्बीण दोन्ही मिळून करतात. ही सोय मोजक्या मोठ्या केंद्रांत मिळते.

कुठे जायचं, पैशांचं काय

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ईसीजी, इको आणि औषधांची घडी बसवण्याचं काम सुरू करता येतं. ओपन हार्टसाठी बहुतेकांना जिल्ह्याबाहेर जावं लागतं. नागपूरचं शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही ओळखीची ठिकाणं. त्याशिवाय नागपुरात खासगी केंद्रं आहेत. उमरखेड, पुसदकडच्या लोकांना नांदेड जवळ पडतं, वणी-मारेगावकडच्यांना नागपूर-चंद्रपूर. पण केंद्र जवळ आहे एवढ्यावर ठरवू नका. तिथे अब्लेशनचं उपकरण आहे का, हे फोनवरच विचारून घ्या. ते प्रत्येक ठिकाणी असतंच असं नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया येतात. २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सगळ्या रेशन कार्डधारकांना लागू झाली आणि वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं. त्याआधीही शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना तिचा लाभ होता, आणि यवतमाळ त्यात होतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशन कार्ड, आधार, इको आणि ईसीजीचे कागद घेऊन आधी त्याला भेटा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते. त्याला आणि सर्जनला, दोघांनाही एकच गोष्ट विचारा: झडपेच्या पॅकेजमध्ये अब्लेशनच्या चिमट्याचा किंवा सळईचा खर्च धरला आहे का? नसेल तर वरचे किती लागतील आणि ते कोण भरणार? हे तोंडी ठेवू नका, कागदावर लिहून घ्या. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आहे. १८००२३३२२०० वरही विचारता येतं.

तारीख पुढे-मागे करता येत असेल तर शेतीचं वेळापत्रक डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मात्र दम वाढतोय, रात्री उठून बसावं लागतंय, पाय सुजतायत, अशा वेळी वेचणी संपायची वाट पाहणं चुकीचं आहे. मागे पडलेल्या प्रत्येक महिन्यात कप्पा आणखी फुगतो.

ऑपरेशनपूर्वी दात तपासून घ्या, किडलेले असतील तर त्यांचा बंदोबस्त आधीच व्हायला हवा, कारण तोंडातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात. थायरॉइडची रक्ततपासणी करा. खर्रा बंद. त्यातली तंबाखू आणि सुपारी दोन्ही ठोक्याला चिथवतात, आणि भूल उतरल्यावर खोकून कफ काढायची ताकद फुफ्फुसात असावी लागते. दारूचंही तसंच, मग ती दुकानातली असो की मोहाची. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनाने एक दिवसही पुढे-मागे नको.

पहिले तीन महिने

आयसीयूत दोन-तीन दिवस आणि सगळं मिळून साधारण आठ-दहा दिवस दवाखान्यात जातात. छातीतून बारीक तारा बाहेर आलेल्या दिसतील, त्या तात्पुरत्या पेसमेकरच्या. ठोका संथ असेल तर सर्जन काही दिवस वाट पाहतात. हृदयाची मूळ वीज जागी व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पेसमेकरची घाई किंवा घबराट करू नका.

घरी आल्यावर पहिल्या तीन महिन्यांत एएफ पुन्हा दिसू शकतो. याने कित्येक घरांत निराशा पसरते: एवढं केलं आणि ठोका पुन्हा तसाच. पण सुजलेल्या भिंतीत व्रण अजून पक्के व्हायचे असतात, म्हणून या काळातल्या एएफवरून ऑपरेशन फसलं असं डॉक्टर ठरवत नाहीत. गरज पडली तर विजेचा हलका झटका देऊन ठोका जागेवर आणतात. या काळात अनेकांना अमिओडॅरोन नावाची गोळी देतात. ती थायरॉइड, फुफ्फुस आणि डोळ्यांवर परिणाम करू शकते, म्हणून ती कधी थांबवायची ते विचारून ठेवा. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले असतील आणि मेडिकलवाल्याकडून तीच चिठ्ठी दाखवत वर्षभर ती चालू राहिली, असं होऊ देऊ नका. खरा निकाल तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्याच्या ईसीजीवर आणि चोवीस तासांच्या होल्टर तपासणीवर कळतो.

छातीचं हाड जुळायला दोन ते तीन महिने लागतात. तोवर पाण्याचा गुंड उचलायचा नाही, डोक्यावर चाऱ्याचा भारा नाही, पाठीवर फवारणीचा पंप नाही, कमरेला कापसाची ओटी नाही. दुचाकी चालवायची नाही आणि खराब रस्त्यावर मागे बसूनही जायचं नाही. चालणं मात्र रोज, थोडं थोडं वाढवत. उन्हाळ्यात ऑपरेशन झालं असेल आणि लघवी होण्याची गोळी चालू असेल, तर जुलाब-उलटी किंवा कडक उन्हाने अंगातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होऊन ठोका बिघडतो. अशा दिवशी घरी थांबू नका, रक्त तपासून घ्या.

गोळी आणि आयएनआर

इतकं मोठं ऑपरेशन नीट पार पडून पुढे लकवा होतो, तो बहुतेक वेळा या एका गोळीच्या ढिलाईमुळे. म्हणून इथे जरा थांबतो.

रुमॅटिक झडप किंवा धातूची झडप असलेल्यांसाठी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम हीच गोळी आहे. ‘रक्ततपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात’ असं कुणी सांगेल. झडपेचा दोष नसलेल्या एएफमध्ये त्या उत्तम चालतात. पण रुमॅटिक हृदयरोगात नव्या गोळीची जुन्या प्रकारच्या गोळीशी तुलना करणारी मोठी चाचणी झाली. आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले सुमारे साडेचार हजार रुग्ण तिच्यात होते आणि दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुखांपैकी एक होते. २०२२ मध्ये निकाल लागला: जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी. धातूच्या झडपेत तर नव्या गोळ्या चालतच नाहीत. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका.

गोळीची मात्रा आयएनआर या रक्ततपासणीवर ठरते. एएफसाठी तो आकडा सहसा २ ते ३ मध्ये ठेवतात, मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५. तुमचा आकडा किती हवा ते डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या. सुरुवातीला आठवड्याला, मग घडी बसली की महिन्याला तपासणी. नागपूरला जायची गरज नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकाच लॅबमध्ये करा आणि आकडा फोनवर दवाखान्याला कळवा. एक वही ठेवा: तारीख, आकडा, गोळीची मात्रा. घरातल्या शाळकरी मुलाला ही वही सांभाळायला दिली तर ती बहुधा नीट राहते. गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी. वॉरफरिन आणि ॲसिट्रॉम यांची मात्रा सारखी नसते. दुकानात एक नाही म्हणून दुसरी घ्यायची नाही.

भाज्या बंद करायच्या नाहीत. मेथी, पालक, अंबाडी, तांदुळजा, पाथरी यांसारख्या हिरव्या भाज्यांमधल्या व्हिटॅमिन के मुळे गोळीचा जोर कमी होतो, म्हणून त्या खाण्याचं प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवायचं. पावसाळ्यात रोज रानभाजी आणि उन्हाळ्यात महिनाभर पानही नाही, असं झालं तर आकडा हलतो. तेव्हा तपासणी लवकर करा.

औषधांचा धोका भाज्यांहून मोठा आहे. अंगदुखीची डायक्लोफिनॅक, ब्रुफेन यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. जुलाबासाठी मिळणारी मेट्रोनिडॅझोल, काही अँटिबायोटिक्स आणि वर सांगितलेली अमिओडॅरोन यांनी आयएनआर झपाट्याने वाढतो. झाडपाल्याचं औषध किंवा पुडी घेण्याआधीही डॉक्टरांना विचारा. गावातल्या डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य हेच असू द्या: ‘मी रक्त पातळ करायची गोळी घेतो.’ कमरेत इंजेक्शन घेण्याआधीही हे सांगायचं. विळ्याने खोल कापलं, डोक्यावर पडलं, शौचाला काळी झाली, हिरड्यांतून रक्त थांबेना, किंवा साप चावला, तर वाट पाहू नका.

आणि तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा. लकवा उतरवायला आधी बाहेरचं किंवा मंत्र-पाणी नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आयएनआरची वही सोबत असली तर ते देता येईल की नाही हा निर्णय डॉक्टर लवकर घेतात.

बायकांसाठी, आणि कागदांबद्दल

मूल हवं असेल तर आधी सांगा, पाळी चुकल्यावर नाही. वॉरफरिन आणि ॲसिट्रॉम दोन्ही गर्भाला घातक ठरू शकतात, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. त्या काळात दुसरी इंजेक्शनं देऊन गोळी बदलता येते, पण ते हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून, आधीपासून ठरवायला हवं. लग्न ठरताना आजार लपवला, की हे बोलायला मुलीला जागाच उरत नाही. घरच्यांनी तिला एवढी मोकळीक द्यायला हवी. झडप धातूची बसवायची की ऊतीची, हे ठरतानाही मुलं होण्याचा विचार डॉक्टरांसमोर मांडा.

रुमॅटिक तापानंतरचं पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी लागतं, आणि झडप बदलली म्हणजे ते बंद झालं असं नाही. ते किती वर्षं चालायचं ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. रक्त पातळ असताना ते कमरेत द्यायचं की त्याऐवजी गोळ्या घ्यायच्या, हेही विचारा. घरातल्या लहान भावंडांचा घसा सतत दुखत असेल, ताप येऊन सांधे सुजत असतील, तर त्यांनाही दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांमध्ये रुमॅटिक हृदयरोगही तपासला जातो.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, गाडी बाहेर उभी असते. तरीही ऑपरेशन नोटची प्रत मागून घ्या, नुसतं कार्ड नाही. त्यात तीन गोष्टी वाचून पाहा: अब्लेशन केलं का आणि कुठल्या कप्प्यात, अपेंडेज बंद केली का, आणि झडप कुठल्या कंपनीची, किती मापाची. समजलं नाही तर तिथल्याच निवासी डॉक्टरकडून मराठीत दोन ओळी लिहून घ्या. त्याचा मोबाइलवर फोटो काढा, एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवा, एक जवळच्या डॉक्टरकडे द्या. पाच वर्षांनी धडधड परत आली, तर समोरचा नवा डॉक्टर त्या कागदावरूनच ठरवेल की उरलेलं काम तारेने करता येईल की नाही.